लटारू कोणाचा

१६ जुलै

कमळाबाई,

हे पत्र अजयच तुला वाचून दाखवेल, म्हणून आधी त्याला सांगते. अजय, लिहिलं आहे तसंच वाच. मधलं गाळू नको. आई रागावली तर रागावू दे.

फोन करून मी थकले. दर वेळी अजय म्हणतो, "काकी, आई झोपली आहे." सकाळी दहालाही झोपलेली, दुपारी चारलाही झोपलेली. धानाच्या रोवण्यात साऱ्यांच्या आधी चिखलाच्या बांधीत उतरणारी बाई अहेरीला लेकाकडे जाऊन अशी झोपाळू झाली, हे मला पटत नाही. बोलायचं नसेल तर नको बोलू. ऐक तरी.

माझी अक्षरं फार मोठी येतात, त्याला इलाज नाही. आमचे हे मूलच्या राइस मिलमध्ये हमाली करत तेव्हा रिकामी पोती घरी आणत. त्या पोत्यांवरच्या अक्षरांवरून मी वाचायला शिकले, मग जो कागद हाती येईल तो वाचत गेले. शाळेचं वळण हाताला नाही.

लटारू बरा आहे. सकाळी उठला की तुझ्या बंद दाराशी जाऊन बसतो, कुलूप हलवून पाहतो. "काकी, माय कवा येते?" मी म्हणते, रोवणा झाला की. रोवणा अर्ध्यावर आला. पुढे काय सांगायचं ते मी ठरवलेलं नाही.

त्या दिवशी लटारूला अहेरीला नेऊ नको म्हणून मी अडवलं, तेव्हा बसच्या दारात उभी राहून तू बोललीस ते साऱ्या गावानं ऐकलं. "माहं विकत घेतलेलं पोरगं हाय. त्याले अडवनारी तू कोन वो?" मी उत्तर दिलं नाही. मी देऊ शकत नाही हे तुला माहीत होतं.

अजय, तू तेव्हा नागपूरला कामाला होतास, तुला ही गोष्ट अर्धीच माहीत असेल. माझी दोन पोरं गेली. आधी प्रफुल, मग खुशाल. दोघंही तापात गेली, दोघंही चालायला-बोलायला लागल्यावर. तिसरा झाला तेव्हा सासूनं त्याचं तोंड मला पाहू दिलं नाही. त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, आणि तिथून सूप जमिनीवरून लटारत, म्हणजे ओढत, तुझ्या आईच्या दारापर्यंत नेलं. तुझ्या आईनं सूपभर धान देऊन त्याला विकत घेतलं. तिची पोरं जगलेली, तिच्या घराला कोणाची नजर नाही. तेव्हापासून तो तिचा. झोपतो माझ्याजवळ, जेवतो माझ्या हातचं, पण माय म्हणतो तिला आणि काकी म्हणतो मला. पाच वर्षं झाली की मी सूपभर धान आणि लुगडं घेऊन तिच्या दारात जायचं आणि तिनं पोर माझ्या पदरात टाकायचं. तोवर माझ्या तोंडून "माझा" निघालं तर नेणारा ऐकतो. नेणारा कोण, ते कोणी सांगत नाही. तू हसशील. तू दोन पोरं पुरलेली नाहीस.

आमच्या घरधन्यांना हे सारं पसंत नव्हतं. पण तेही गप्प बसले, आणि पुढच्या पावसाळ्यात बांधीत वीज पडून गेले. मागोमाग सासू गेली. रीत सांगणारं आता घरात कोणी नाही. तरी मी पाळते.

दुसरी गोष्ट. ती पोरांची डॉक्टर आज येऊन गेली. आता दर मंगळवारी येते. उन्हाळ्यात ती पहिल्यांदा आली तेव्हा तू होतीस, पण अजयसाठी लिहिते. आपल्या आशाताईनं, म्हणजे संघप्रियानं, साऱ्या बायांना समाजमंदिरात बोलावलं होतं. सहा वर्षांच्या आतल्या प्रत्येक लेकराला एक ठरलेला डॉक्टर. दर वेळी तोच. तपासणी फुकट, औषध फुकट, अडीअडचणीला फोन करायचा. नथ्थूभाऊ मागून उठून म्हणाले, "माहे बी सारे दात पडले, बाई. मलेही सहाच्या आत घ्या." सारे हसले, डॉक्टर तहसीनही हसली. मग नथ्थूभाऊच म्हणाले, "पन फुकट काऊन? रगत काढून विकत असान कुठी." तेव्हा कोणी हसलं नाही. पाच-सहा बाया पोरं उचलून निघाल्या.

तू बसून राहिलीस. लटारू तुझ्या मांडीवर होता. डॉक्टरनं विचारलं, "आई तुम्हीच ना? घरात याच्याआधी कोणतं लेकरू गेलं आहे का? कोणाला कोणत्या औषधानं त्रास झाला?"

"नाई बाई," तू म्हणालीस. "दोन पोरं हायेत याच्या वरती. दोन्ही दगडासारखी."

मी तुझ्या मागे उभी होते. विकत घेतलेल्या पोराचं आधीचं घर काढायचं नसतं. तू रीतीनं बोललीस, मी रीतीनं गप्प राहिले.

आता दर मंगळवारी ती विचारते, "आई कुठे आहे?" मी सांगते, अहेरीला. "आणि तुम्ही?" शेजारीण. मग ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहते. ती अहेरीचीच आहे, तिचे अब्बा तिथे कपडे शिवतात. घरी गेली की तुला भेटेन म्हणते. भेटू दे की नको, ते कळव.

भागीरथा


१ ऑगस्ट

कमळाबाई,

हे पत्र पोस्टात टाकत नाही, अहेरीच्या बसच्या कंडक्टरजवळ देते. अजय, हे आत्ता वाच. हातातलं काम ठेव आणि वाच.

लटारूला हिव भरून ताप आला. मी त्याला तीन गोधड्यांत गुंडाळलं तरी दात वाजत होते. संघप्रियानं बोट टोचून रक्त पाहिलं. मलेरिया. तिनं फोन लावला आणि मंगळवार नसताना डॉक्टर आली. गाडी नाल्याच्या अलीकडे ठेवून चिखलातून चालत आली. चपला हातात होत्या. नथ्थूभाऊ ओट्यावरून पाहत होते, म्हणाले, "फुकटची डॉक्टरीन चिखलात चालते बाप्पा. पैशेवाला तर रोडवरूनच सुई देत होता." बाई हसली, पण घाईत होती.

तिनं तापाची पहिली औषधं सुरू केली. मग मला समोर बसवून सांगितलं. हा मलेरिया औषधानंतरही शरीरात लपून बसतो. ताप उतरला की त्याला काढायला दुसऱ्या गोळ्या द्यायच्या, बारीक गोळ्या, चौदा दिवस. आणि म्हणाली, "त्या सुरू झाल्या की लघवीवर लक्ष ठेवा. रंग कोऱ्या चहासारखा झाला तर गोळी बंद करून मला लगेच फोन. काही घरांमधल्या मुलांना ही गोळी चालत नाही. याच्या भावांना कधी असं झालं आहे का?"

कमळाबाई, मला दुपटी आठवली.

प्रफुलची लघवी तशी झाली होती. खुशालची तशीच झाली होती. तुला आठवत असेल, त्यांची दुपटी तू तळ्यावर धुतलीस. पाणी लाल झालं म्हणून तू परत येऊन देवासमोर बसलीस. कोणी तरी रगत पाडलं, करणी केली, असं साऱ्या बाया म्हणाल्या. मीही तेच धरून बसले. पण दोन्ही वेळी घरात मलेरियाच्या गोळ्या सुरू होत्या. बारीक गोळ्या. दोन्ही वेळी ताप उतरला होता, पोर उठून बसलं होतं, भात मागत होतं. मग लघवी काळी झाली, मग डोळे पिवळे झाले, मग गेलं. हे दोन्ही मी आजवर एकमेकांजवळ ठेवून पाहिलं नव्हतं. ती बाई बोलली आणि ते आपोआप जवळ आलं.

आणि तरी मी काय म्हणाले? म्हणाले, "नाही. कमळाबाईच्या पोरांना असं काही नाही." ते खोटं नाही. तुझ्या पोरांना झालंच नाही. लटारू तुझा आहे, म्हणून त्याच्या भावांना झालं नाही. माझं तोंड असं चाललं.

आता माझं ऐक. तू ये. पुढच्या बसनं ये. सूप धुऊन ठेवलं आहे. धान जुनं आहे पण निवडलेलं आहे. लुगडं मी मूलहून आणते, तुला आवडतं तसं हिरवं आणते. पाच वर्षं पूर्ण व्हायला माघ उजाडेल, हे मला कळतं. पण तू आपल्या हातानं दिलास तर वर्षं कोण मोजतो? तो माझ्या पदरात पडला की मला डॉक्टरसमोर तोंड उघडता येईल.

येणं जमत नसेल तर तूच डॉक्टरला फोन कर. सांग की पोर विकत घेतलेलं आहे, ज्या घरातून घेतलं तिथे दोन पोरं गोळीनंतर अशी गेली. तू बोललीस तर "माझा" हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही. रीतही राहते आणि पोरही राहतं.

भांडण नंतर करू. मी तुझ्या दारात येऊन तुझ्या शिव्या खाईन.

भागीरथा


५ ऑगस्ट

कमळाबाई,

कंडक्टर म्हणतो पत्र अजयच्या हातात दिलं. मग फोन बंद का?

ताप उतरला. काल संघप्रियानं बारीक गोळ्यांची पट्टी माझ्या हातात दिली. कालची गोळी मी चुलीत टाकली. आजचीही टाकली. तिला सांगितलं, दिली.

ती म्हणाली, "रडला काऊन नाई, काकी? कडू जहर असते थे गोळी. माहा पोरगा तर अर्ध्या गावाले आयकू जाते."

मी म्हटलं, गुळात घालून दिली.

"गूळ हाय का घरी? मले बी द्या मंग खडाभर."

घरात गूळ नव्हता. तिनं हसून पाहिलं, पण ते हसणं पुरतं नव्हतं. ती चांगली पोरगी आहे. गावातलं प्रत्येक लेकरू तिला स्वतःचं वाटतं, म्हणूनच मला तिची भीती वाटते.

गोळी नाही दिली तर ताप फिरून येतो, असं डॉक्टर म्हणाली. फिरून फिरून येतो, आणि दर वेळी पोर आणखी वाळतं. म्हणजे न देऊनही मी त्याला काही चांगलं देत नाही. लटारू आज अंगणात कोंबडीमागे धावला. चार पावलं गेला आणि बसला. त्याला धाप लागली तेव्हा मी देवाचं नाव घेतलं नाही, तुझं घेतलं.

चुलीत टाकलेली गोळी फुटते तेव्हा अगदी बारीक आवाज येतो. तो आवाज कोणी ऐकेल असं वाटतं.

भागीरथा


७ ऑगस्ट

कमळाबाई,

काल मंगळवार होता. डॉक्टर आली. संघप्रियानं तिला आधीच सांगितलं होतं. डॉक्टरनं पट्टी मागितली नाही, मला काही विचारलंही नाही. सरळ फोन काढला, तुझा नंबर लावला आणि आवाज मोठा केला. तिचा फोन तू उचललास.

"कमळाबाई, लटारूला गोळ्या सुरू करायच्या आहेत. तुमच्या घरात कोणाला गोळीनंतर काळी लघवी झाली आहे का? नीट आठवून सांगा."

तू थोडी थांबलीस. ते थांबणं मी ऐकलं. मग म्हणालीस, "नाई बाप्पा. माह्या घरात असं काई नाई. थे भागीरथा भित्री हाय पयलेपासून. द्या तुमी गोळी."

तुझा आवाज ऐकून लटारू माझ्या मांडीवर उड्या मारायला लागला. "माय! माय बोलली!" त्यानं फोनला तोंड लावलं.

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. "आई हो म्हणते आहे, काकी. तुम्ही शेजारी आहात, जीव लावता, ते दिसतं मला. पण तुम्हाला एवढी भीती कशाची आहे? मला सांगा. मी रागावणार नाही."

माझं तोंड उघडं होतं. पण मांडीवरचं पोर हसत होतं, ताप आल्यापासून पहिल्यांदा हसत होतं. त्याच्या डोक्यावरून मी ते शब्द बोलू शकले नाही. मी म्हटलं, काही नाही.

मग संघप्रियानं तिथेच गोळी विरघळवून त्याला पाजली. आज सकाळी येऊन पुन्हा पाजली. आता रोज तिच्या डोळ्यांसमोर द्यायची असं ठरलं आहे. तो थुंकतो, ती त्याला गाणं म्हणून हसवते आणि उरलेली पाजते.

माझं पत्र तुला मिळालं होतं का? अजयनं ते मधलं गाळलं का? की तू सारं ऐकलंस आणि तरी "नाई" म्हणालीस? मी तुला दोष देत नाही. मी समोर बसून "काही नाही" म्हणाले, तू तर शंभर कोसांवर आहेस. पण तू थांबलीस, कमळाबाई. थांबलीस म्हणजे तुला दुपटी आठवली.

मी त्याला आता पायलीभर पाणी पाजते आहे आणि सारखी अंगणात नेते आहे. सकाळी रंग साधा होता. दुपारी साधा होता. आता मला साधा वाटतो की मी साधा पाहते, ते कळत नाही. उजेड आहे तोवर पाहून घेते, मग पुढे लिहिते.

पिवळा आहे. जरा गडद पिवळा आहे. पाणी कमी पडलं असेल.

भागीरथा


१० ऑगस्ट, गडचिरोली

कमळाबाई,

तुला अजयकडून कळलं असेल. तरी माझ्याकडून ऐक, कारण यात तुझंही काही आहे.

परवा सकाळी मी लटारूला अंगणात स्टीलच्या ताटलीत लघवीला बसवलं. ऊन स्वच्छ होतं. ताटलीत कोरा चहा होता.

मी ताटली हातात धरून उभी राहिले. तेवढ्यात संघप्रिया आली, एका हातात गोळी, एका हातात पाण्याचा पेला. मी तिचा हात धरला.

"देऊ नको."

"काकी, पुन्यांदा थेच? डॉक्टर माह्यावर बोंबलते ना मंग."

मी ताटली पुढे केली. तिनं पाहिलं. तिचा चेहरा एकदम लहान पोरीसारखा झाला. रोवण्याला निघालेल्या बाया कुंपणाशी थांबल्या होत्या, नथ्थूभाऊ बैल घेऊन उभे होते. मी म्हटलं, "हा माझा आहे. कमळाबाईचा नाही. माझा. याच्याआधी माझी दोन पोरं याच गोळीनंतर अशीच गेली. फोन लाव. डॉक्टरला हेच सांग, याच शब्दांत सांग."

नथ्थूभाऊ म्हणाले, "हळू बोल वो बाई. हळू."

मी पुन्हा म्हटलं. पहिल्यापेक्षा मोठ्यानं.

पुढचं भरभर झालं. गोळी बंद. रुग्णवाहिका आली, नाल्यापर्यंत मी त्याला उचलून नेलं. इथे पोचलो तोवर त्याचे ओठ कागदासारखे झाले होते आणि डोळे हळदीसारखे. नर्सनं विचारलं, आई कोण? मी म्हटलं, मी. कागदावर सही केली. त्याला रक्त चढवलं. सुई लावताना तो ओरडला नाही, हेच मला सहन झालं नाही.

डॉक्टर तहसीन काल इथे आली. तिची इथे ड्यूटी नाही, तरी आली. पलंगाच्या कडेला बसली आणि आधी विचारलं, "दोघांची नावं काय होती?" मी सांगितलं. प्रफुल. खुशाल. किती वर्षांनी मी ती नावं दुसऱ्या माणसासमोर घेतली. तिनं प्रत्येकाचं वय, ताप, गोळी, लघवी, सारं विचारून घेतलं, जशी ती दोघं शेजारच्या पलंगावरच निजलेली आहेत. मग म्हणाली, "हे मला माहीत असतं तर ही गोळी मी त्याला दिलीच नसती, काकी." रागावून नाही म्हणाली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

तिनं समजावून सांगितलं. काही पोरांच्या रक्तात एक गोष्ट कमी असते. एरवी काही कळत नाही, पोर खेळतं, खातं. पण ही गोळी पोटात गेली की रक्त फुटत जातं आणि लघवीतून निघतं. आणि ही गोष्ट बहुतेक आईकडून मुलाकडे येते. आईला स्वतःला काही होत नाही.

आईकडून, कमळाबाई. म्हणजे कोणाची नजर नव्हती. कोणी काही पुरलं नव्हतं, कोणी रगत पाडलं नव्हतं. करणी तिचीच असं धरून आपण तळ्याकाठच्या त्या म्हाताऱ्या बाईशी इतकी वर्षं बोललो नाही, ती बिचारी तशीच मेली. आणि होतं ते माझ्यातच होतं. मी ते तिघांनाही दिलं. तू त्याला विकत घेतलंस तरी ते त्याच्याबरोबर तुझ्या दारात आलं होतं.

आज त्याची लघवी जरा उजळ आहे. डॉक्टर म्हणतात, उद्यापर्यंत आणखी उजळली तर सुटलो. मी खिडकीकडे पाठ करून बसते. खिडकीत काही हललं की त्याच्यावर पांघरूण ओढते. साऱ्या गावासमोर मी "माझा" म्हटलं आणि त्याच दिवशी त्याचा रंग उडाला, असं मनात येतं. मग मी स्वतःला सांगते, आधी ताटली काळी झाली, मग तू बोललीस. आधी ताटली. मग बोललीस. उलटं झालेलं नाही. हे मी इतक्या वेळा म्हणते की शेजारच्या पलंगावरची बाई विचारते, काऊन वो, कोणता मंत्र म्हणून राह्यली?

त्याला जाग आली की तो विचारतो, "काकी, माय कुठी?" मी अजून त्याला काही सांगितलेलं नाही.

भागीरथा


१८ ऑगस्ट

कमळाबाई,

घरी आलो. तो अशक्त आहे, पण भात मागतो, आणि मिळाला नाही की मारतो.

तू फोनवर इतकी रडलीस की मला तुझं अर्धंच कळलं. जे कळलं ते असं: अजयनं पत्र पूर्ण वाचलं होतं. तू पूर्ण ऐकलं होतंस. आणि डॉक्टरनं विचारलं तेव्हा तुला वाटलं, खरं बोललीस तर पोर तुझं राहणार नाही आणि माझंही राहणार नाही, मधल्या मधे कोणी तरी नेईल. कमळाबाई, मला हे समजावून सांगू नको. मी हेच मनात घेऊन त्याच फोनसमोर बसले होते.

काल मंगळवार नसताना डॉक्टर आली आणि समाजमंदिरात प्रत्येक बाईला एकटीला आत घेऊन पुन्हा पहिल्यापासून विचारत बसली. बाहेर बाकीच्यांनी दूर बसायचं. आणखी दोन घरांत विकत घेतलेली पोरं निघाली. एका बाईनं सांगितलं, एकीनं फक्त मान हलवली. डॉक्टरला ही रीत माहीतच नव्हती. तिनं ती शांतपणे ऐकून घेतली, हसली नाही. म्हणाली, "रीत तुमची, ती पाळा. फक्त मला एकटीला खरं घर सांगा. ते माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही." नथ्थूभाऊ ओट्यावर बसून होते. "मी बी विकत घेतलेलाच होतो," म्हणाले. "माही खरी माय कोन, थे मलेच कोनी सांगतलं नाई." त्यावर कोणाला हसावं की नाही ते कळलं नाही. सावली गावी दिलेल्या माझ्या बहिणीला तीन मुलगे आहेत. तिलाही निरोप धाडला. तिला भीती वाटेल. वाटू दे.

आता कामाचं. लटारूला ही गोळी आयुष्यात कधी द्यायची नाही. आणखीही काही औषधं आहेत, ती डॉक्टर लिहून देते आहे. मलेरिया पुन्हा आला तर काय करायचं ते ती पाहणार आहे. पण तिनं मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. हे मूल कुठेही असो, कोणत्याही दवाखान्यात असो, औषध देण्याआधी ते कोणाच्या पोटचं आहे आणि त्याच्या भावांचं काय झालं, हे सांगितलंच पाहिजे. दर वेळी. तो मोठा होऊन स्वतः सांगेपर्यंत.

कळलं का तुला? चार वर्षं तो जगला, ते मी गप्प राहिले म्हणून, असं मी धरून होते. आता तो जगायचा असेल तर मला बोलत राहावं लागेल. मला दोन्हीची भीती वाटते. गप्प राहण्याची जास्त वाटते, एवढाच फरक झाला.

तू म्हणालीस, धान आत्ता परत घेत नाही, माघात पाच वर्षं पूर्ण होऊ दे. ठीक आहे. तुझ्या मनाला तेवढा आधार राहू दे. तो तुला माय म्हणतो, म्हणू दे. आणि दिवाळीत त्याला अहेरीला ने. मी तेव्हा अडवलं, आता अडवत नाही. तो तुझ्या कुलपाशी जाऊन बसतो ते मला पाहवत नाही.

पण तिथे त्याला ताप आला तर कोणाचाही हात गोळी घेऊन त्याच्या तोंडाशी जाण्याआधी तू सांगायचं. मी याला सूपभर धानाला विकत घेतलं. याची आई भागीरथा. तिचे प्रफुल आणि खुशाल मलेरियाच्या गोळीनंतर काळी लघवी होऊन गेले. यालाही तसंच झालं होतं. इतकं सारं सांगायचं, काही गाळायचं नाही. आज हे पत्र वाचून झालं की अजयसमोर एकदा मोठ्यानं म्हणून दाखव. जीभ अडखळेल. पहिल्यांदा माझीही अडखळली.

मी रोज दुपारी तो झोपला की त्याच्या उशाशी बसून म्हणते, सवय व्हावी म्हणून. "हा माझा आहे" इथपर्यंत येते आणि थांबते. वाकून त्याची छाती हलते का ते पाहते. हलते. मग पुढचं म्हणते.

भागीरथा